चौथ्याला अजून उडता येत नाही

घर विकायचं जानिराने ठरवलं, आणि अनीसियोने होकार दिला. म्हणजे मान खाली घालून तो कॉफी पीत राहिला. ब्राझीलच्या गोइयास प्रांतातलं ते छोटं गाव सोडून दोघांनी राजधानीत, लेकीच्या शेजारी, सातव्या मजल्यावर राहायला जायचं होतं. निवृत्त पोस्टमनने सातव्या मजल्यावर दिवसभर करायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट त्याने बायकोपासून लपवली होती. परसात आंब्याखाली जमिनीत बीळ करून घुबडांचं जोडपं राहत होतं आणि त्यांना चार पिल्लं झाली होती. घुबड दिसलं की घरातलं कुणीतरी जाणार, असं जानिराच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून तो कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने रोज सकाळी तिथे जाई. पिल्लं बिळाच्या तोंडाशी रांगेत उभी राहून पंख फडफडवीत, वीतभर उडत आणि एकमेकांवर पडत. अजून आठवड्याभराचं काम आहे, असा त्याचा हिशेब होता.

शनिवारी दुपारी दंतवैद्य तेओबाल्दो आणि त्यांची बायको इवोनी घर बघायला आली. जानिराने परसातल्या टेबलावर चीजचे गरम पाव मांडले. इवोनी आंब्याकडे गेल्या आणि जागीच थिजल्या. जमिनीतून खुळखुळ आवाज येत होता.

"इथे खुळखुळ्या साप आहे," असं अगदी हळू म्हणून त्या मागे सरकत आल्या आणि टेबलावर चढल्या. मागोमाग डॉक्टरही चढले.

घाबरलेली पिल्लं बिळातून हुबेहूब त्या शेपटी वाजवणाऱ्या विषारी सापासारखा आवाज काढतात, हे अनीसियोला माहीत होतं. तेवढं बोलला असता तर दोघं खाली उतरली असती आणि घर हातचं गेलं असतं. उभ्या जन्मात कुणाचं पत्र न दडवलेल्या माणसाने ही एक बातमी दडवली.

पण जानिराने साप पकडायला बंबवाल्यांना फोन केला. त्यांचा सार्जंट गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून लांब लोखंडी आकडा घेऊन आला. आकड्याचं टोक बिळात शिरलं मात्र, अनीसियो धावला आणि बिळावर पालथा पडला.

"काढा तो आकडा. पोरं आहेत माझी आत."

मग टेबलावरून डॉक्टरांनी जानिराला हळूच विचारलं, "दोना जानिरा, यांना हे कधीपासून होतंय?"

तेवढ्यात आंब्यावरून घुबडीण सुटली आणि तिने सार्जंटच्या हेल्मेटवर दाणकन झडप घातली. त्याच्या हातातून आकडा गळून पडला. अनीसियो तिच्या भीतीने बाजूला लोळला, आणि गडबडीने बिथरलेली पिल्लं बाहेर आली. पहिलं उडालं ते थेट पावांच्या ताटात. दुसरं इवोनींच्या केसांवर बसलं आणि तिथून डॉक्टरांकडे टक लावून बघू लागलं. तिसरं कौलांवर पोचलं. चौथं जोरात धावलं, पंख पसरले आणि जानिराच्या पायाशी तोंडावर आपटलं.

जानिरा आधी मागे सरकली, मग वाकून तिने त्याला सरळ उभं केलं.

"महिनाभर तू हे बघत होतास," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि मला कोंबड्या सांगत होतास?"

तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

सार्जंटने घरट्याला हात लावायला कायद्याने बंदी असल्याचं सांगितलं आणि एक पाव खाऊन तो गेला. केसांवरचं पिल्लू उडाल्यावर इवोनींचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना अचानक घर फार आवडलं. सोमवारीच सह्या करू म्हणाल्या. चौथ्याला उडता आलं की करू, असं जानिराने कळवलं.

मंगळवारी सकाळी चौथं उडालं. आंब्यावरून एक फेरी मारून ऐटीत कुंपणावर बसलं. अनीसियोने ते एकट्याने पाहिलं आणि घरात येऊन काही न बोलता कॉफी घेतली. बायकोपासून पुन्हा लपवलं, या वेळी तर निमित्तही नव्हतं. शुक्रवारी सांगूनच टाकावं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. जानिरा खिडकीशी फोनवर बोलत होती. बाहेर कुंपणावर चारही पिल्लं ओळीने बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत चौथं उडालं, कौलांवर गेलं आणि परत येऊन बसलं.

"नाही हो, दोना इवोनी," दर रविवारी चर्चमध्ये पापं कबूल करणारी ती बाई शांतपणे म्हणाली, "चौथ्याचं अजून जमत नाहीये. फारच मंद आहे बिचारं. पुढच्या वर्षी बघू."

अनीसियो दारातच खाली बसला.