मुनीरभाईंची अकेली

मुनीरभाईंच्या शोरूममध्ये गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला ते आधी खुर्चीवर बसवायचे, पाणी पाजायचे आणि मग विचारायचे, "मागं कोण बसणार हाय?"

गिऱ्हाईक गडबडून जायचं. एक नव्यानं नोकरीला लागलेला मास्तर लाजत म्हणाला, "अजून लग्न ठरलं न्हाई." मुनीरभाई म्हणाले, "मग ठरल्यावर या. मॅडमची उंची बघून गाडी देतो." मास्तरनं त्याच संध्याकाळी समोरच्या दुकानातून गाडी घेतली आणि मुद्दाम हॉर्न वाजवत आमच्या पुढून गेला. दुसरा एक दूधवाला मोटारसायकल घ्यायला आला होता. मागं दोन कॅन बसणार असं त्यानं सांगितल्यावर मुनीरभाईंनी त्याला भारी गाडीपाशी जाऊच दिलं नाही. "कॅनला धक्के लागले तरी ते बोंबलत न्हाईत, तुला ही साधी गाडी बास," म्हणाले. असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही, आणि असा धंदा करून कोणी बंगला बांधलेलाही पाहिला नाही.

त्यांना छेडलं की उत्तर ठरलेलं असे. "दत्ताभाऊ, चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतंय. मागच्याच्या हातात काय हाय? अल्लाचं नाव."

माझं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं. आम्ही नांदेडजवळच्या लोह्याकडचे. भाऊ शेती करायचे. माझ्या हाताला औत काही वश झालं नाही म्हणून घरच्यांनी मला लातूरला वह्या-पेन्सिली विकायला बसवलं. पहिल्या दिवशी मी काउंटर लावत होतो तेव्हा शेजारून एक किडकिडीत गृहस्थ आले. मेंदी लावलेली दाढी, चष्म्याला दोरा आणि खांद्यावर पिवळं फडकं. काही न बोलता त्यांनी माझा काउंटर पुसून दिला. मग म्हणाले, "आता बोला, कुठले तुम्ही?" ते फडकं खांद्यावरून कधी उतरलं नाही. गाडी पुसायचे, बाकडं पुसायचे, गिऱ्हाइकाची पिशवीसुद्धा पुसायचे. त्याच जागी त्यांच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकलींवरून गाड्यांच्या एजन्सीपर्यंत मुनीरभाईंनी स्वतःच्या हिमतीवर मजल मारली होती. दारावरच्या पाटीकडे ते रोज एकदा मान वर करून बघायचे. ती एजन्सी म्हणजे त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

कंपनीशी त्यांचं बिनसलं ते भूकंपाच्या वर्षी. दसऱ्यासाठी आलेल्या नव्याकोऱ्या मोटारसायकली शोरूममध्ये रांगेनं उभ्या होत्या. औशाच्या पलीकडची गावं पडली, तसं मुनीरभाईंनी किल्ल्यांचा डबाच बाहेर बाकड्यावर आणून ठेवला. दूध न्यायचंय, मलमपट्टी न्यायचीय, डॉक्टरला न्यायचंय, जो येईल त्यानं किल्ली उचलावी. गाड्या परत आल्या तेव्हा त्यांच्यावर मातीची पुटं होती आणि निम्म्यांचे मडगार्ड चेपले होते. दसऱ्याला त्या नव्या म्हणून कोण घेणार? कंपनीचा साहेब आला आणि मीटर बघून चक्रावला.

"या गाड्या एवढ्या कशा चालल्या?"

"ट्रायल दिली, साहेब."

"इतकी लांब ट्रायल?"

"इकडचे रस्ते खराब हायत. ट्रायल नीटच द्यायला पायजे."

याहून एक शब्द जास्त बोलले नाहीत. साहेबानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तेव्हापासून मुनीरभाई कंपनीच्या डोळ्यांवर आले.

पुढे काही वर्षांत लातुरात क्लासेसचं पीक आलं. नांदेडकडून, बीडकडून, उस्मानाबादकडून पोरं-पोरी ट्रंका घेऊन उतरायला लागली. ज्यांच्या माळवदावर कडबा असायचा त्यांनी तिथं खोल्या काढल्या. मीही वह्या मागच्या फळीवर टाकून गाइडं पुढे मांडली. आज त्या रस्त्यावरून गेलं की डोळ्यांत भरतात ते निकालाचे फलक, ओळीनं हसणारी तोंडं. तेव्हा तिथं चिंचेचं झाड होतं आणि त्याखाली आम्हा दोघांचा चारचा चहा व्हायचा. मला अजून त्या चहाची आठवण येते.

तर कंपनीनं हिशोब लावला की विद्यार्थी एकटा अभ्यास करतो, तेव्हा तो एकटाच हिंडत असणार. म्हणून त्यांनी एक मोपेड काढली. पिस्ता रंगाची, एकाच माणसाच्या सीटची, मागं पक्की बसवलेली पुस्तकांची टोपली. नाव कुठल्याशा परदेशी फुलाचं होतं, ते शेवटपर्यंत आमच्या जिभेवर बसलं नाही. मुनीरभाईंनी तिला पाहता क्षणी नाव ठेवलं, अकेली.

आता आमच्या भागात गाडी म्हणजे निदान तिघं. पुढं टाकीवर पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर पिशवी. एकट्यापुरती गाडी ही कल्पनाच कोणाला पटेना. बिलोलीकडचा एक माणूस सोयरिकीच्या कामाला आला होता. तो अकेलीभोवती दोन फेऱ्या मारून शांतपणे म्हणाला, "बाकीची गाडी कुठं हाय?"

खपत नाही म्हणून नको म्हणायची सोय नव्हती. खताच्या दुकानात युरियाच्या पोत्याबरोबर नको ती बाटली गळ्यात मारतात ना, तसंच इथं. खपणारी मोटारसायकल पाहिजे तर अकेली उचला. मोठ्या दुकानदारांनी रदबदली करून सुटका करून घेतली. मुनीरभाईंचं कोण ऐकणार? त्यांच्याकडे अकरा अकेल्या येऊन उभ्या राहिल्या. खपणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा उरली नाही.

नुसत्या उभ्या राहिल्या तर इंजिन धरतं, म्हणून मुनीरभाई रोज सकाळी एकेकीला किक मारायचे. अकरा गाड्यांचा निळा धूर माझ्या दुकानात शिरायचा. माझ्याकडची फिजिक्सची गाइडं वर्षभर पेट्रोलचा वास मारत होती, आणि पोरं म्हणायची की याच दुकानातली गाइडं पास करतात.

एक दिवस साहेब येऊन सांगून गेला की दसऱ्यापर्यंत अकराच्या अकरा गेल्या पाहिजेत, नाहीतर एजन्सी नांदेडच्या एका मोठ्या पार्टीला जाईल. त्या दिवशी मुनीरभाईंनी चारचा चहा अर्धाच घेतला.

आणि मग मुरुडचे बळीराम पाटील आले. आले होते माझ्याकडे, लेकीसाठी गाइडं घ्यायला. लेक सुनीता, अकरावीला. तिचा एक क्लास लातूरच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. तिच्या जाण्यायेण्याची पाटलांना काळजी लागली होती. मी नुसती गंमत म्हणून बोट शेजारी दाखवलं आणि मागोमाग बघायला गेलो. मुनीरभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मागं कोण बसणार हाय?"

पाटील कडाडले, "कोणीच बसलं न्हाई पायजे."

एवढ्या वर्षांत असं उत्तर मुनीरभाईंना मिळालं नव्हतं. मग त्यांनी हळूच फडकं काढलं आणि अकेलीची टोपली पुसली. पाटलांनी गाडीकडे मागून बघितलं, बाजूनं बघितलं. सीटवर दुसरं माणूस मावत नाही याची स्वतः बसून खात्री केली. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. जी खोट म्हणून गाडी वर्षभर अडून बसली होती, तीच बापांना गुण दिसली. पाटलांनी गावात सांगितलं, गावानं पाहुण्यांना सांगितलं, आणि दसऱ्याच्या आत अकराही अकेल्या झेंडूचे हार घालून बाहेर पडल्या. सगळ्या पोरींच्या बापांनीच घेतल्या. प्रत्येक बापानं मुनीरभाईंकडून शब्द घेतला की मागं सीट बसवून द्यायचं नाही. मुनीरभाईंनी अकरा वेळा शब्द दिला. एजन्सी वाचली. त्या दिवशी आम्ही दोन-दोन कप चहा घेतला.

महिन्याच्या आत सुनीता दारात उभी. "चाचा, मागं सीट बसवून द्या."

"तुझ्या बापाला शब्द दिलाय, बेटा."

"माझ्या खोलीतली मैत्रीण रोज पायी येती. सहाची बॅच हाय. मी गाडीवर पुढं जायचं आन तिनं मागून पळत यायचं, मला कसंतरी होतंय."

दुसऱ्या दिवशी मुनीरभाईंनी स्वतः पाना घेऊन टोपली काढली, तिथं सायकलचं मजबूत कॅरिअर ठोकलं आणि वर फोम-रेक्झिनची गादी बसवली. मग एकेक करून बाकीच्या दहाजणी आल्या. मी म्हणालो, "शब्द मोडलात की." तर म्हणे, "बाप कोणी बसू नये म्हणला, म्हणजे पोरगं बसू नये. पोरीचं नाव कुठं घेतलं त्यानं?"

खरी मजा सुट्टीत असायची. दिवाळीला पोरी गाडी घेऊनच गावी जायच्या. त्यामुळे आदल्या दिवशी दुकानापुढं अकरा अकेल्यांची रांग. गाद्या निघायच्या, टोपल्या चढायच्या. प्रत्येक गादीला नावाची चिठ्ठी लावून मुनीरभाई ती फळीवर ठेवायचे. सुट्टी संपली की पुन्हा उलटा कारभार. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे, आणि त्याचं काही घ्यायचं नाही. मी त्यांची भरपूर थट्टा केली. पण त्या रांगेत हसण्याखिदळण्याचा जो आवाज असायचा तो मला आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

घात केला तो माझ्या जिभेनं. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. पाटील सरावाच्या प्रश्नपत्रिका न्यायला आले. मी चहा मागवला आणि लेकीचं कौतुक म्हणून बोलून गेलो, "पोरगी लई गुणाची हाय. रोज मैत्रिणीला मागं बसवून नेती."

पाटलांनी कप खाली ठेवला. ते उठून गेले आणि अर्ध्या तासानं सुनीताला गाडीसकट घेऊन आले.

"आज मैत्रीण बसली, उद्या कोण बसंल? बास झालं शिकणं. सामान बांध, गावाकडं चल."

पोरगी रडली नाही. किल्ली मुठीत घट्ट धरून खाली बघत उभी राहिली. वर्गात पहिल्या पाचात असायची ती. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मुनीरभाई शोरूमच्या पायऱ्या उतरून आले. "पाटील, तिच्यावर कशाला रागावून राहिले? सीट मी बसवलं. तिला इचारलं बी न्हाई. कंपनीची नवी स्कीम हाय, समद्या गाड्यांना बसवून राहिलो."

"पोरीनं मागितलं न्हाई?"

"न्हाई."

"तसं लिहून द्या."

पाटील सरळ माणूस होता. गावात त्यांच्याकडे भांडणं मिटायची ती कागदावर, त्याशिवाय त्यांना काही खरं वाटायचं नाही. मुनीरभाईंनी एजन्सीचं लेटरपॅड काढलं. मी त्यांची बाही ओढली. गाडीत आपल्या मनानं फेरफार केला असं स्वतःच्या हातानं लिहून देणं म्हणजे साहेबाच्या हातात कुऱ्हाड देणं होतं. हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी बाही सोडवून घेतली, उर्दू वळणाच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, सही केली आणि वर शिक्काही मारला. मग पाना आणून तिथल्या तिथं गादी काढली. पाटलांनी कागद दोनदा वाचला. लेकीला म्हणाले, "जा क्लासला."

सुनीता गेली. एकटी गेली, पण गेली.

पाटलांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना एवढंच खात्रीनं जाणून घ्यायचं होतं की अशी स्कीम खरंच आहे का. म्हणून त्यांनी तो कागद पाकिटात घालून कंपनीला पाठवला.

साहेब आला तेव्हा या वेळी त्याला मीटर बघायची गरज पडली नाही. मुनीरभाईंनीही काही बचाव केला नाही. एजन्सी नांदेडच्या पार्टीला गेली.

पाटी उतरवायला माणसं आली त्या दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. मला माफी मागायची होती, पण शब्द निघाले ते भलतेच. म्हणालो, "दुसऱ्याच्या पोरीसाठी सगळं घालवलंत. तुमची कोण लागत होती ती?"

मुनीरभाई पाटीचे खिळे उपसणाऱ्या माणसांकडे बघत होते. मग आपल्या मुलीबद्दल बोलले. बिदरला दिलेली शाहीन. तिला मी ईदला येता-जाता पाहिलं होतं, कडेवर मूल घेऊन. तिच्याविषयी ते आधी कधी बोलले नव्हते.

"शाहीन धाव्वीला शाळेत पहिली आली होती. पुढं शिकतो म्हणली. कॉलेज तिकडं बार्शी रोडला. घरात समदे म्हणले, एवढ्या लांब पोरगी जाणार कशी? मी बी म्हणलो, हौ, जाणार कशी. दत्ताभाऊ, तवा बी कंपनीनं गळ्यात मारलेल्या नऊ गाड्या शोरूममधी उभ्या होत्या. वरीसभर एक हालली न्हाई. मी रोज सकाळी पुसत होतो त्यांना. ती मला डबा घेऊन यायची, त्यांच्या मधूनच यायची. आन मी म्हणलो, पोरगी जाणार कशी."

माणसांनी पाटी खाली उतरवली आणि ती कुठं ठेवायची म्हणून विचारलं. मुनीरभाई उठून त्यांना जागा दाखवायला गेले.