घमेल्यातला अर्जेंटिना

गोरक्षरावांच्या हाताला गुण आहे, असं देवळाली प्रवऱ्यात सगळे म्हणत. गोरक्षराव स्वतः जरा जास्तच म्हणत. म्हणूनच पहिल्या बाळंतपणाला संगमनेरला माहेरी निघालेल्या सुनेनं, निकितानं, आपली निवडुंगाची कुंडी सासऱ्यांच्या हवाली केली. करंगळीएवढ्या केसाळ कांड्यांचा तो झुपका मूळचा अर्जेंटिनाच्या डोंगरांतला.

"मामा, थंडीभर पाणी द्यायचं नाही. बाहेर गारठ्यात उपाशी ठेवायचं, तरच उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो. पप्पांच्या कुंडीला अजून एकदाही फूल आलं नाही."

"ते मास्तर मानूस. माझ्यावर सोड," गोरक्षराव म्हणाले.

पण पाटपाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी बोलणं टाकलेल्या माणसाला दारातलं झाड तहानलेलं बघवेना. आधी त्यांनी तांब्याभर पाणी घातलं. मग उसाच्या ठिबकची एक नळीच कुंडीत आणून सोडली.

"अवो, पोरगी न्हाई म्हन्ली हुती ना?" बनुबाईंनी नवऱ्याला हटकलं.

"झाड कधी उपास करतं व्हय?"

कांड्या काकडीसारख्या फुगल्या आणि तडकल्या. गोरक्षरावांनी एकीला बोट लावलं, ती गळून पडली. ती उचलताना मनगट लागलं, आणखी चार गेल्या. घाबरून कुंडी घरात नेताना उंबऱ्याची ठेच लागली आणि कुंडीत नुसता बुडखा उरला.

"बेनं समजून लावतो," म्हणत त्यांनी उसाच्या कांड्या लावतात तशा निम्म्या कांड्या शेणकाल्यात बुडवून ओल्या सरीत दाबल्या. आठवड्यात त्यांचा लगदा झाला. उरलेल्या त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं, मुरमाच्या फुटक्या घमेल्यात लपवल्या आणि पुन्हा तिकडं पाहिलंही नाही.

"मामा, व्हिडिओवर निवडुंग दाखवा ना!" निकिता म्हणायची आणि नेमकी त्याच वेळी गोरक्षरावांची रेंज जायची.

चैत्रात निकिता बाळाला घेऊन आली. सोबत तिचे वडील ज्ञानेश्वर सर होते. बनुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. 'शेळीनं खाल्लं' हे वाक्य गोरक्षराव सकाळपासून घोकत होते.

"अवो, बाळाला धुरी द्यायची हाय. मोटारीमागचं घमेलं आना."

"ते फुटकं हाय!" गोरक्षराव दचकले.

"निखारं गळत्यात व्हय?"

"बसा हो, मी आणतो," म्हणत ज्ञानेश्वर सर भिडेखातर उठले.

परतले ते देवाची पालखी धरावी तसं घमेलं दोन्ही हातांत धरून. थंडीनं जांभळट पडलेल्या कांड्यांनी मुरमात मुळं धरली होती आणि वर शेंदरी फुलांची नुसती गर्दी उडाली होती.

"गोरक्षराव! अहो, केलंत काय तुम्ही?"

"कायबी न्हाई."

"पाणी किती दिलं?"

"न्हाई दिलं."

"खत?"

"न्हाई वो. थंडीभर तिकडं बघितलंसुदिक न्हाई!"

इतकं खरं गोरक्षराव कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

"सांगायचं नसेल तर राहू द्या," सर हिरमुसून म्हणाले.

निकितानं कोपऱ्यातला बुडखा पाहिला, त्यात अडकलेला ठिबकच्या नळीचा तुकडा पाहिला आणि हसू दाबलं. "पप्पा, मामांच्या हाताला गुणच आहे."

गोरक्षरावांची छाती पुन्हा फुगू लागली. तेवढ्यात चिमट्यात लाल निखारा धरून बनुबाई समोर उभ्या राहिल्या.

"घमेलं तर फुलांनी अडीवलं. मंग करा पुढं त्यो गुनाचा हात!"