राष्ट्रगीताची रिंगटोन

जयवंत राण्यांनी मोबाइलवर राष्ट्रगीताची रिंगटोन लावायला सांगितली, तेव्हा त्यांच्या मुलीने, अनुजाने, एकदाच विचारलं, "बाबा, नक्की?"

"देशाचा अभिमान माणसाच्या खिशात असला पाहिजे," जयवंत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खिशात अभिमान आणि हातात अर्ज घेऊन पाणी खात्याच्या ऑफिसात हजर झाले.

चिंचपोकळीला त्यांच्या चाळीत वरच्या दोन मजल्यांना चार दिवस पाणी नव्हतं. तळमजल्याला येत होतं. म्हणजे प्रेशर कमी, असा निकाल जयवंतांनी स्वतःच देऊन टाकला होता. पाणी हा नागरिकाचा हक्क आहे, हे वाक्य त्यांच्या अर्जात तीनदा होतं.

काउंटरवरचा राकेश अर्ज न बघताच म्हणाला, "कर्णिक साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"काल पण मीटिंगमध्येच होते."

"तीच चालू आहे."

तेवढ्यात खिशात राष्ट्रगीत सुरू झालं. जयवंत ताठ उभे राहिले. राकेशने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही उठला. बाकावरची माणसं उठली, एका बाईंनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. पण शेवटच्या ओळी यायच्या आतच रिंग थांबली. अर्ध्या राष्ट्रगीतावर खाली कसं बसायचं, ते कोणाला कळेना. मग जयवंतांनीच खणखणीत आवाजात उरलेल्या ओळी पूर्ण केल्या, आणि अख्ख्या ऑफिसने हुश्श करून बूड टेकलं.

टेकलं न टेकलं तोच पुन्हा वाजलं.

"काका, फोन घ्या ना," राकेश ओठ न हलवता पुटपुटला.

"राष्ट्रगीत मध्येच तोडू?" जयवंतांनीही ओठ न हलवता विचारलं.

"मग सायलेंट करा."

"राष्ट्रगीताचा आवाज बंद करू?"



फोन रमाबाईंचा होता. नवरा उचलत नाही म्हणून त्या पुन्हा लावत होत्या. उरलेल्या ओळी म्हणून झाल्यावर जयवंतांनी उलट फोन लावावा, तर तोवर त्यांचाच येई.

तिसऱ्या खेपेला मीटिंगच्या खोलीचं दार हळूच उघडलं. छत्री आणि डब्याची पिशवी घेऊन कर्णिक साहेब दबक्या पावलांनी जिन्याकडे सटकत होते. राष्ट्रगीताने त्यांना पहिल्याच पायरीवर गाठलं. साहेब छत्रीसकट सावधान झाले. जयवंतांनी उरलेल्या ओळी जरा जास्तच सावकाश म्हटल्या आणि संपताक्षणी अर्ज पुढे केला.

"मीटिंग संपली, साहेब?"

साहेबांनी अर्ज वाचला. जयवंतांच्या खिशातल्या फोनकडेही बघितलं. "चला, मी स्वतः येतो. पण लवकर, परत वाजायच्या आत."

चाळीच्या फाटकातच रमाबाई फोन घेऊन उभ्या होत्या. "अवो, कधीपासून फोन लावतंय. उचलूक काय झाला?"

"ते सांगतो नंतर. काय झालं?"

"पाणी इला."

जयवंतांची छाती फुगली. "बघा साहेब. नुसता अर्ज दिला तर..."

"अर्जान नाय," रमाबाई म्हणाल्या. "झेंडावंदनाक टाकी भरून वाहत होती, खुर्च्या भिजतीत म्हणून गच्चीवरचो व्हॉल्व तुमीच बंद केलात मां? आता मी चढान खोललंय."

वरच्या दोन्ही गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं. जयवंतांचे कान तापले.

साहेबांनी शांतपणे अर्ज उलटा केला. "निकाली काढायचा तर मागचे दोन रकाने भरा. तक्रारदार, आणि बिघाडास जबाबदार."

जयवंतांनी पेन घेतलं. पहिल्या रकान्यात वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्यापाशी हात थांबला. त्यांनी एकदा वर गॅलरीकडे पाहिलं, खाकरून घसा साफ केला, आणि तेच नाव पुन्हा लिहिलं, थोडं मोठ्या अक्षरात.

कर्णिक साहेबांनी कागद हातात घेतला. "तेवीस वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले. "या रकान्यात माणसाचं नाव पहिल्यांदा बघतोय. आम्ही आपलं 'तांत्रिक कारण' लिहितो."

जयवंतांनी कागद परत मागून घेतला आणि नावाखाली पत्ताही लिहिला.