चुकलो म्हणायची रीत

महिपतीपुढे आलेलं भांडण न मिटता परत गेलं, असं वाडीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. कुणी बांध कोरो, कुणी कोंबडी पळवो, गावकी बसायची ती महिपती आल्यावरच. त्यामुळे जावई कुशाबावर बैलचोरीचा खटला उभा राहिला तेव्हा घरात रडारड झाली, पण महिपतीच्या मिशीचा केसही हलला नाही. न्याय करायला बसलेला माणूस महाडातला काय आणि वाडीतला काय, सारखाच, असं त्याचं ठाम मत. निघताना त्यानं लेकीला बजावलं, "दोघांचा जेवाण करून ठेव गो मैने. सांजच्याला जावय घेऊन येतो."

मैनेचे दिवस भरत आले होते. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि नवरा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

चोरी मुळात झालीच नव्हती. पोलादपूरकडच्या सयाजीचा बैल वाट चुकून वाडीत आला. कुशाबानं तो आपल्या गोठ्यात बांधला, पेंढा घातला आणि धनी शोधत येईल म्हणून वाट बघत बसला. धन्याआधी पोलीस आले. बैल गोठ्यात आणि गोठा कुशाबाचा! चोर शोधायला पोलिसांना डोकं खाजवावं लागलं नाही.

महाडच्या बाजारात ओळखीच्या एका वकिलानं त्यांना थांबवून सल्ला दिला. साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? 'नाही' म्हणायचं आणि गप्प राहायचं. महिपतीला हसू आवरेना. एवढ्या थोर माणसाच्या तोंडावर पहिलाच शब्द 'नाही'? असला उर्मट माणूस गावकीत आला असता तर त्यानं बखोट धरून उठवला असता.

वाडीची रीत सरळ होती. पंचांपुढे गेलं की आधी पागोटं खाली ठेवायचं आणि म्हणायचं, चुकलो. केलेलं असो की नसो. तो पंचांना घातलेला रामरामच असायचा. मग म्हणायचं, द्याल ती शिक्षा. एवढा मान मिळाला की पंच म्हणायचे, "ऊठ, आता बोल." खरी हकीकत सुरू व्हायची ती तिथून. पुढे फिर्यादीच्या हातात नारळ ठेवला की सगळे जेवायला मोकळे. महिपतीनं नारळसुद्धा पिशवीत घेतला होता.

"घाय करू नको," त्यानं जावयाला पुन्हा सांगितलं. "सायब 'बोल' म्हनल्याबिगर पुढचा बोलायचा नाय."

कोर्टात इंग्रज बादशहाच्या तसबिरीखाली मॅजिस्ट्रेट बसले होते. पुण्याकडचे, चेहऱ्यानं मवाळ. त्यांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

कुशाबानं पागोटं जमिनीवर ठेवलं. "चुकलो, मायबाप."

मागे महिपतीनं समाधानानं मान डोलावली. जावई अगदी रीतीत चालला होता.

साहेबांना जरा नवल वाटलं. माणूस चांगला होता बिचारा. कुणी मारलं का, धमकावलं का, असं त्यांनी आपणहून विचारलं. कुशाबा म्हणाला, नाय जी. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? कुशाबा म्हणाला, द्याल ती शिक्षा.

झालं. आता एकच वाक्य उरलं होतं आणि ते साहेबांनी म्हणायचं होतं. कुशाबा त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला. महिपती थांबला. फिर्यादी सयाजीही कान टवकारून थांबला. साहेबांनी चष्मा पुसला, काही लिहिलं आणि वाचून दाखवलं. सहा महिने सक्तमजुरी.

कुशाबा तरीही हात जोडून उभाच. शिपायानं दंडाला धरलं तेव्हा त्यानं वळून सासऱ्याकडे पाहिलं.

"मामा, आता बोलू काय?"

महिपती पुढे धावला. "सायब, तो अजून बोललाच नाय वो."

"बोलला की," साहेब म्हणाले. "तीनदा विचारलं, तीनदा बोलला."

आता करायचं काय? घाबरलेल्या महिपतीला गावकीतली एकच गोष्ट आठवली. त्यानं नारळ काढून सयाजीच्या हातात ठेवला आणि सयाजीनं सवयीनं घेतलाही. भर कोर्टात फिर्यादीला लाच! दोन शिपायांनी महिपतीला उचलून बाहेर आणलं. नारळ मात्र आत जप्त झाला.

थोड्या वेळानं सयाजी बाहेर आला. त्याचा चेहराही उतरला होता. "मीबी वाट बघत व्हतो रे," तो म्हणाला. "बैल कसा आला ता कुशाबा सांगंल, मंग मी सायबाला म्हननार व्हतो, जाऊ द्या त्येला."

"मंग म्हनला का नायस?"

"मला तरी कोन म्हनला, बोल म्हनून?"

महिपतीला रागही आला नाही. तो एकटाच घाट चढू लागला. हातातली पिशवी रिकामी होती, तरी ती त्याला जड झाली होती.

वाडीत पोहोचला तेव्हा चुलीवर भात शिजला होता आणि दोन पाट मांडलेले होते. मैनेनं बापाच्या मागे वाटेकडे पाहिलं. जन्मभर साऱ्या गावाला 'चुकलो' म्हणायला लावणाऱ्या महिपतीनं स्वतः तो शब्द कधी उच्चारला नव्हता. त्यानं पागोटं काढलं, लेकीच्या पायाशी ठेवलं आणि मान खाली घातली. त्याला रडू फुटत होतं.

"चुकलो गो, मैने."

मैनेला उलट धीर आला. 'चुकलो' म्हटलं की खरी हकीकत पुढेच असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं बापापुढे पाट सरकवला.

"ऊठ, बा. आता बोल."