न गळणारी मोटरसायकल

मोटरसायकल गळू द्यायची नाही असं मी ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं.

मोटरसायकल माझ्या भावाची, इयनची. इयन फेब्रुवारीत गेला. एवढंच सांगतो, जास्त सांगायला गेलो तर ही गोष्ट पुरी होणार नाही. दर जूनमध्ये जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला तो ती न्यायचा आणि तिथल्या क्लबकडून चहाचा एक मग जिंकून आणायचा. या वर्षी बेव्ह, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली, "रॉस, तू ने ना. मी रविवारी येते. मला ती तिच्या जागेवर उभी बघायचीय."

आता ही मोटरसायकल म्हणजे अशी बया, की जिथं उभी राहील तिथं तेल सांडणार. घरापुढच्या फरशीवरच्या डागांवरून इयन आणि बेव्हची काय भांडणं व्हायची! म्हटलं, भावासाठी एवढं तरी करू. इंजिन उघडलं, जुनी पॅकिंगं फेकली, नवी बसवली. (पुस्तक होतं, पण वाचन आणि मी कधी एका घरात नांदलो नाही. चित्रं बघितली.) आणि काय सांगू, मोटरसायकल ठणठणीत कोरडी! माझ्या हातून पहिल्यांदाच एखादं काम नीट झालं होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

शनिवारी पाऊस भुरभुरत होता. क्लबच्या तंबूत प्रत्येक मोटरसायकलखाली एकेक पांढरा पुठ्ठा, त्यावर मालकाचं नाव. क्लबचे अध्यक्ष नॉर्मन यांनी इयनच्या नावाचा पुठ्ठा स्वतः सरकवला. संध्याकाळी ते पुन्हा आले, गुडघे कडकडा वाजवत वाकले.

"पोरा, तेल घालायचं विसरलास काय?"

"काठोकाठ आहे!"

"मग गळत का नाही?"

"दुरुस्त केली," मी छाती फुगवून म्हणालो.

नॉर्मननी टोपी काढली. ती मी याआधी फक्त इयनच्या अंत्यविधीला उतरलेली पाहिली होती.

"अरे गाढवा, ते चहाचे मग कशाचे मिळायचे त्याला?"

"चकाकीचे?"

"सगळ्यांत मोठ्या डागाचे! बेव्ह उद्या तो पुठ्ठा घरी न्यायला येतेय. भिंतीवर लावणार आहे."

फरशीवरचे डाग बेव्हनं अजून घासले नव्हते, ते मला आत्ता आठवलं.

रविवारी सकाळी पाना घेऊन मी मोटरसायकलखाली शिरलो. तेलाचा बोल्ट जरा सैल करायचा, थेंब थेंब गळेल, बेव्हला डाग मिळेल. अर्धा फेरा फिरवला. काही नाही. आणखी अर्धा. काही नाही. मग मला राग आला. (राग आला की माझे हात डोक्याला विचारत नाहीत.) बोल्ट हातात आला आणि पाठोपाठ सगळं तेल तोंडावर, गळ्यात, शर्टात. पुठ्ठा होडीसारखा तरंगत शेजारच्या तंबूकडे निघाला.

"रॉस?"

मी बाहेर सरपटलो. समोर बेव्ह. डोळ्यांत तेल, त्यामुळे तिचा चेहरा दिसेना.

"मी ती दुरुस्त केली होती गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुला बरं वाटेल." आणि भर तंबूत, काळ्या तोंडानं, मी हमसून हमसून रडायला लागलो.

बेव्हच्या नाकातून एक आवाज आला, मग दुसरा, आणि ती पोट धरून गवतावरच बसली. फेब्रुवारीनंतर मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"इयननं पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं," ती म्हणाली. "तोंडावरच!"

"बोल्ट काढलेला चालत नाही," नॉर्मननी निकाल दिला. "आपोआप गळलं पाहिजे." मग त्यांनी मला खालीवर न्याहाळलं, एक कोरा पुठ्ठा आणला आणि माझ्या पायाखाली सरकवला. "हलू नकोस. चारला मोजणी."

चहाचा मग आम्हीच जिंकला. पुठ्ठा बेव्हनं व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, पट्टा लावून ठेवला. मला बसवलं मागे, मोटरसायकलशेजारी.

वाटेत तिच्यातून एक थेंब सांडला नाही. घरापुढच्या फरशीवर मात्र नवा डाग पडलाय, बुटांच्या मापाचा.