मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक

"रॅली म्हणजे शेवटी काय? गाडी आणि रस्ता. या दोघांशी माझं तेवीस वर्षांचं घरचं नातं आहे," असं मास्तरांनी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागून जाहीर केलं. समोर तीन विद्यार्थी होते. तिघेही लायसनच्या परीक्षेत एकेकदा आपटलेले, त्यामुळे हसायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मास्तरांनी त्यांच्यादेखतच नवशिक्यांच्या गटाचा अर्ज भरला. 'नवशिके' हा शब्द त्यांना टोचला, पण वरच्या गटासाठी आधीची एक रॅली पूर्ण केलेली लागते, त्याला इलाज नव्हता.

एक बारीकशी गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. तेवीस वर्षं ते गाडीत बसले होते हे खरं, पण शेजारच्या सीटवर. गाडी चालवायचे विद्यार्थी. मास्तर नुसते बोलायचे, रागवायचे, आणि अगदीच जिवावर बेतलं की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचे.

रॅलीच्या गाडीत माणसं दोन लागतात. एक चालवणारा आणि दुसरा मार्गाची वही वाचून वळणं सांगणारा. वही वाचायला ठरलेले मेहुणे आदल्या दिवशी कंबर धरून बसले. राहता राहिली बायको.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सेकंदकाट्यावर नजर ठेवून काम करायची सवय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी भर चौकात "तुझ्या हातून हे व्हायचं नाही" असं ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या बसमधली माणसं वळून बघायला लागली. ती तिथेच उतरली आणि चालत घरी आली. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

"येते मी," ती म्हणाली. "पण नियम वाचलेत का?"

"वाचायचंय काय त्यात? जो आधी पोचेल तो जिंकला."

"तसं नाहीये. ठरलेल्या सरासरी वेगाने जायचं. वाटेत कुठेतरी लपून वेळ तपासतात. उशीर झाला तरी गुण कापतात, लवकर पोचलं तरी कापतात."

"लवकर पोचलं तरी?" मास्तरांचा चेहरा उतरला. ही रॅली नसून एखाद्या कार्यालयाची हजेरी आहे असं त्यांना वाटायला लागलं.

रविवारी सकाळी तपासनिसाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. टपावरची मास्तरांच्या नावाची स्कूलची पाटी गंजलेल्या बोल्टांमुळे निघत नव्हती, म्हणून स्पर्धेचा क्रमांक तिच्यावरच चिकटवला. मग तो खाली वाकला.

"हा दुसरा ब्रेक कशाला?"

"शिकवायची गाडी आहे."

त्याने नियमांची पुस्तिका चाळली. "एका गाडीला किती ब्रेक असावेत हे इथे कुठेच लिहिलेलं नाही. जा."

झेंडा पडला आणि गाडी बंद पडली. मास्तरांनी सवयीने शेजारी बघून "क्लच हळू सोडायचा असतो, किती वेळा सांगायचं?" असं खडसावलं. शेजारी बायको होती. "मला का सांगताय?" ती म्हणाली. तिसऱ्या झटक्याला गाडी निघाली.

पुढचे चार किलोमीटर बरे गेले. मागे 'शिकाऊ' लिहिलेलं असल्यामुळे इतर स्पर्धक आदराने लांबून जात होते. तो अपमान मास्तरांच्या डोक्यात गेला आणि त्यांनी वेग वाढवला.

"आपण दीड मिनिट लवकर आहोत," बायको घड्याळाकडे बघत म्हणाली. "हळू."

"ते बघ, लाल गाडी आपल्यापुढे गेली."

"जाऊ दे. हळू."

मास्तर ऐकेनात. तेव्हा बायकोने शांतपणे पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मास्तरांचं हेल्मेट काचेवर आपटलं.

"तू ब्रेक लावलास?"

"पायाखाली होता."

असं आणखी चारदा झालं. पाचव्या वेळी मास्तरांचा तोल गेला. पाण्याच्या टाकीपाशी ती "डावीकडे" म्हणत असताना त्यांनी "हा रस्ता मला पाठ आहे" म्हणत गाडी उजवीकडे घातली. तो रस्ता दगडाच्या बंद खाणीत जाऊन संपत होता. संपायच्या जरा आधी चिखल होता. पुढची दोन्ही चाकं त्यात रुतली.

मास्तर ढकलायला उतरले. पहिल्याच जोराला पाय घसरला, घोटा मुरगळला आणि ते चिखलात बसले. बसले ते बसलेच. वर आभाळ, खाली चिखल, आणि टपावर त्यांचंच नाव. आपलं आयुष्य इथेच रुतलं होतं, आज फक्त दिसलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. बायकोने चाकांखाली गाडीतली पायपुसणी सारली होती आणि ती चालकाच्या जागी बसली होती. गाडी जरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे अशी डुलली आणि अलगद कोरड्या जमिनीवर आली.

"बसा," ती म्हणाली. "दोघांकडे लायसन असेल तर चालक बदललेला चालतो. नियमात आहे."

"तुझ्याकडे लायसन?"

"दोन वर्षं झाली."

मास्तर लंगडत शेजारच्या सीटवर बसले. मग हळूच म्हणाले, "कुणाकडे शिकलीस?"

"लंबूसरांकडे."

लंबू हा मास्तरांचाच जुना विद्यार्थी. डोकं टपाला लागायचं म्हणून मान वाकडी करून गाडी शिकला होता, आणि आता त्याने बाजारपेठेत स्वतःचं स्कूल काढलं होतं.

"त्याच्याकडे? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे. पुढचं वळण सांगा."

मास्तरांनी वही उघडली. "तो तरी नीट शिकवतो का?"

"रागवत नाहीत ते. म्हणतात, मास्तरांच्या हाताखाली होतो तेव्हाच ठरवलं, आपण कुणावर ओरडायचं नाही."

"म्हणजे थोडंफार श्रेय माझंच की."

तिने गिअर बदलला. मास्तरांनी पुन्हा वहीत डोकं घातलं, पण चालत्या गाडीत वाचून त्यांना मळमळायला लागलं आणि दोन वळणं चुकली.

शेवटच्या ठिकाणी पोचले तेव्हा माणसं टेबलं घडी करत होती.

"वेळ संपून चाळीस मिनिटं झाली," तिथला माणूस म्हणाला. "तुमच्या क्रमांकापुढे 'पोचले नाहीत' लिहिलंय."

"पण आम्ही तर पोचलोय," मास्तर म्हणाले.

"दिसताय मला. कागदावर मात्र नाही."

मास्तर बंपरवर टेकले. उद्या सकाळी ते तिघे विद्यार्थी विचारणार, आणि आपण काय सांगणार? शेवटचा नंबर आला असता तरी सांगायला काहीतरी होतं.

बायको मात्र त्या माणसाशी बोलत होती. पुढची रॅली दोन महिन्यांनी होती. तिने अर्ज मागून घेतला, बॉनेटवर ठेवला आणि चालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. सहचालकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मास्तर घसा खाकरून सरळ उभे राहिले.

"हे कोरंच ठेवते," ती पेनाला टोपण लावत म्हणाली. "सरांना वेळ आहे का, उद्या विचारून बघते."

'सर' म्हणजे आपण नव्हे, हे मास्तरांना घर येईपर्यंत कळलं नाही.