स्कूटर शिकवायचं मेहर

लग्नाच्या बोलणीत मी आजवर हरलेलो नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी शांती नगरात येऊन माझ्या तोंडावर बोलावं! बारावी नापास आहे, पण मी ज्या बैठकीत बसतो तिथून लोक लग्न ठरवूनच उठतात. काही जण माझं बोलणं थांबावं म्हणून ठरवतात, असं माझी बायको विनिता म्हणते. म्हणू दे.

म्हणूनच शेजारच्या परकारचाचांनी त्यांच्या झुबेरच्या बोलणीला मला नया नगरात नेलं. परकार दापोलीकडचे कोकणी मुसलमान, मी उत्तनजवळच्या डोंगरीचा आगरी. मुलगी सफिना. फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवते.

चहा झाला. काझीसाहेबांनी विचारलं, "मेहर काय ठरवायचं?"

मी ताडकन उभा राहिलो.

"काही नाही! एक चमचाही नाही! मुलीच्या बापाला लुटायचे दिवस गेले! हुंडा मागणाऱ्याला मी आत टाकीन, मग तो माझा शेजारी का असेना!"

सगळे शांतपणे ऐकत होते. त्यामुळे मी आणखी बोललो. शेवटी परकारचाचांनी माझा शर्ट खाली ओढला.

"बाळाभाऊ, मेहर आपण द्यायचंय. नवऱ्यानं बायकोला. दिल्याशिवाय सुटका नाही. आणि ते तिचं एकटीचं, बापाचंसुद्धा नाही."

"मग ठीक आहे," म्हणालो आणि बसलो.

पण माणूस असा लगेच बसला की हरल्यासारखं दिसतं. म्हणून पुन्हा उठलो.

"द्यायचंच तर सोनं कशाला? चोर नेतात! विद्या द्या, विद्या!"

असली वाक्यं टाळ्यांसाठी असतात. त्यावर कोणी काही करायचं नसतं. पण आतल्या खोलीतून सफिना बाहेर आली.

"मला पटलं," ती म्हणाली. "मेहर म्हणून मला स्कूटर शिकवा. रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, माझे अर्धे पेशंट हातचे जातात. लर्निंग लायसन्स काढून ठेवलंय, शिकवणारा मिळत नाहीये."

काझीसाहेबांनी दाढी कुरवाळली. "आपण शाफई पंथाचे. आपल्यात शिकवणं मेहर होऊ शकतं. कधी द्यायचं? आधी की नंतर?"

"आधी. शिकल्याशिवाय मी सासरी जाणार नाही."

"तो तुझा हक्क आहे. आणि शिकवायचं कोणी? झुबेरनं, की दुसरा कोणी चालेल?"

"झुबेर स्वतः!" मी गरजलो. "वाघासारखा चालवतो तो!"

झुबेर माझ्याकडे बघत होता. अनेस्थेशियाशिवाय दाढ काढताना माणूस डॉक्टरकडे बघतो, तसा.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाळाकाका, मला स्कूटर येत नाही."

"मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो?"

"तुमच्या स्कूटरवर बसून काढला होता. स्टँडवर होती."

निकाह झाला. नवरी माहेरीच राहिली. इकडे परकारांच्या घरात नव्या पलंगावरचं प्लास्टिक कोणी काढेना. शमीमचाची, म्हणजे झुबेरची आई, जिन्यात भेटली की एकच विचारायची, "बाळाभाऊ, आमची सून कधी येणार?" लिफ्ट असून मी गच्चीतून शेजारच्या विंगमध्ये जाऊन उतरायला लागलो.

रोज सकाळी मी झुबेरला उत्तनकडे न्यायचो. रस्ता मोकळा, एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. मी सांगितलं, "समोर बघ." त्यानं बोंबलांकडे बघितलं. माणूस जिकडे बघतो तिकडे स्कूटर जाते, हे मला माहीत होतं. बोंबलांच्या मालकिणीला, मंदामावशीला, नव्हतं. झुबेर बांबू मोडून पलीकडून निघाला तेव्हा त्याच्या कपाळावर दोन्ही बाजूंनी बोंबील लोंबत होते, मुंडावळ्यांसारखे!

"कवटी फुटली का रं तुजी?" मंदामावशी काठी घेऊन धावली.

"मावशी, नवरदेव आहे," मी म्हणालो.

"मंग घोड्यावर बस मेल्या! माझ्या बोंबलांवर कशाला?"

त्यानंतर झुबेर ब्रेक सोडेचना. उभ्या स्कूटरवर बसून दोन्ही ब्रेक असे आवळायचा, की जणू स्कूटर पळून जाणार आहे.

तेव्हा मला माझी सर्वोत्तम कल्पना सुचली. घरी येऊन विनिताला सांगितलं. ती पूर्वी रोज फुलांच्या करंड्या पुढे ठेवून डोंगरीहून भाईंदरच्या बाजारात स्कूटर आणायची. आता दुपारची शांती नगरातच शिवणकाम करते.

"तू सफिनाला गुपचूप तयार कर. थोडं हँडल, थोडा ब्रेक. मग रविवारी झुबेर नुसता मागे बसून 'शाबास' म्हणेल. मेहर पूर्ण!"

"तुमी यात कशाला पडताय?"

"घर बसवतोय एका पोराचं!"

"तुमी घर बसवता म्हंजे खाली बसवता," असं म्हणत तिनं चावी घेतली.

रविवार उजाडला. नया नगरच्या गल्लीत दोन्ही घरं जमली, काझीसाहेब आले. आमच्या बिल्डिंगमध्ये पुलावाचं पातेलं चढलं होतं. झुबेरनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सफिना, आधी आरसा बघायचा."

सफिना बसली आणि निघाली. भाजीची गाडी चुकवली, गाय चुकवली, झोपलेला कुत्रा न उठवता कोपऱ्यावरून वळली आणि आमच्या पायांशी येऊन थांबली. झुबेर अजून आरशाच्या उंचीवर बोट धरून उभा होता.

"माशाल्ला! माझ्या लेकानं शिकवलं!" शमीमचाचीच्या डोळ्यांत पाणी.

काझीसाहेबांनी विचारलं, "बेटा, कोणी शिकवलं?"

मी खोकलो. पुष्कळ खोकलो.

"विनितावहिनींनी," सफिना म्हणाली. "सराव म्हणून. झुबेर आजपासून शिकवणार होता ना?"

"आता काय शिकवणार?" काझीसाहेब म्हणाले. "जे येतं ते शिकवता येत नाही. ठरलेलं मेहर बुडालं. आता दोघांनी राजीखुशीनं दुसरं ठरवा. नाही ठरलं, तर हिच्या बहिणींना, आत्यांना जेवढं मिळालं तेवढं द्यावं लागेल."

"बहिणींना किती मिळालं?" परकारचाचांनी विचारलं.

सफिनाच्या बापानं सांगितलं. परकारचाचा भाजीच्या गाडीला टेकले. शमीमचाचीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं गॅसशिवाय पुलाव शिजला असता.

"ज्यानं मदत केली त्यानंच बुडवलं," काझीसाहेब निर्विकारपणे म्हणाले.

"माझा हेतू चांगला होता!"

"हेतूवर सासरी जाता येत नाही."

झुबेर तेवढ्यात पुढे झाला. आठवड्यात पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला. "सफिना, मी खोटं बोललो. मला चालवता येत नाही. तू सांग, तुला काय हवं?"

ती त्याच्याकडे वळली. मग हसली. "शिकून झालंय. आता स्कूटर हवी. माझी स्वतःची."

"उद्या शोरूममध्ये—"

"आज. मला आज घरी यायचंय."

सगळ्यांची नजर एकदमच माझ्या स्कूटरवर गेली.

"ए! ती माझी आहे!" मी हँडल धरलं. "विकायची नाही! मेहर तुमचं, स्कूटर माझी का?"

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" काझीसाहेबांनी विचारलं.

"माज्या," विनिता म्हणाली. "हप्ते बी माज्याच शिलाईचे. आन् मी विकतेय."

तिनं झुबेरला रक्कम सांगितली. त्यानं मोबाइल काढला. टुणकन आवाज आला, तिच्या मोबाइलमध्ये. माझ्या हातात अजून हँडल होतं.

"मग यांचा यात काय संबंध?" काझीसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

विनितानं खरोखर विचार केला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "नवरा हाय माजा."

सफिना झुबेरला मागे बसवून सासरी निघाली. त्यानं डोळे मिटले होते. विनितानं शेअर रिक्षा थांबवली, मला पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबलं आणि माझंही भाडं दिलं.